रविवारच्या चित्रावर पंधरा दिवसांचं ओझं टाकू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही जी. डी. आर्ट केलंय, तेही उपयोजित कलेत. पुण्यात डिझाइनची नोकरी आहे आणि जाऊन-येऊन अकरा तास घराबाहेर जातात. मुलगा चार वर्षांचा आहे, घरी सासूबाई आहेत. कॉलेजात जलरंग हे तुमचं लाडकं माध्यम होतं. आता दोन आठवड्यांतून एखाद्या रविवारी तीन तास काढून बसता, चित्र बिघडतं आणि पुढचे कित्येक दिवस ब्रशकडे बघवत नाही. तुम्ही विचारताय, रोजची सवय कशी लावायची आणि त्यासाठी वेळ कुठून आणायचा?

मी कोल्हापुरात एका हायस्कूलमध्ये २९ वर्षं चित्रकला शिकवली. दोन मुली वाढवल्या, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली आणि त्यातच माझी स्वतःची चित्रं केली. तुम्ही माझ्या पहिल्या बॅचच्या मुलींच्या वयाच्या असाल. तरी पुढचं सगळं एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराला सांगावं तसं सांगते.

आधी हिशोब करू. महिन्यात दोन रविवार, तीन-तीन तास, म्हणजे सहा तास झाले. समजा तुम्ही महिन्यात पंधरा दिवस रोज अर्धा तास बसलात, तर साडेसात तास होतात. दीड तासाचा फरक, म्हणजे फार नाही. वेळ तुम्ही आजही काढताच आहात. अडचण वेळेपेक्षा एका बैठकीच्या किमतीत आहे.

तुमचा रविवार डोळ्यांसमोर आणा. मुलाला कुणीतरी सांभाळायचं, म्हणून सासूबाईंना विनंती. जेवणाचं आदल्या रात्रीच बघून ठेवायचं. डायनिंग टेबल रिकामं करायचं, पेपर अंथरायचे, बोर्ड शोधायचा, महागाचा कॉटन पेपर टेपने चिकटवायचा, वाळलेल्या ट्यूबा पक्कडीने उघडायच्या. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, कागदावर पडेपर्यंत पाऊण तास गेलेला असतो, आणि घरातल्या तीन माणसांची सकाळ तुमच्या चित्रासाठी बदललेली असते. इतकं सगळं झाल्यावर ते चित्र चांगलं व्हायलाच पाहिजे! मग हात आखडतो. आकाश अर्धवट ओलं असताना तुम्ही त्यात पुन्हा ब्रश घालता, कारण ते बिघडू देणं परवडणारं नसतं. मग त्यात कोबीच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. जलरंगाला भीती लगेच कळते.

हे इतक्या खात्रीने सांगते, कारण मी स्वतः यातून गेले आहे. धाकटी झाल्यानंतरची जवळजवळ सात वर्षं माझं स्वतःचं म्हणावं असं एकही चित्र झालं नाही. हात चालू होते. शाळेचं फलकलेखन, स्नेहसंमेलनाचे पडदे, पाहुणे येणार म्हणून दारातली रांगोळी, सगळं करत होते. मग एका मे महिन्यात ठरवलं, आता बास. पहाटे उठून पंचगंगेच्या घाटावर गेले. अर्धा इम्पिरियल, म्हणजे चांगला मोठा कागद, भिजवून बोर्डावर ताणून नेला होता. पाण्यातली दगडी देवळं समोर, उजेड सुरेख. पण सात वर्षांची भूक त्या एका कागदावर काढायची होती. ऊन वर आलं, वॉश ब्रशच्या मागोमाग वाळायला लागला, मी त्यावर थरावर थर देत गेले, आणि नऊ वाजेपर्यंत चित्राचा चिखल झाला. कागद तिथेच फाडला. त्यानंतर चार महिने रंगांची पिशवी कपाटाच्या वर पडून होती.

ती खाली आली ती शाळेच्या कामामुळे. सप्टेंबरात एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी चालू होती. जादा तासाला मुलांपुढे वस्तुचित्रासाठी एक तांब्या, दोन वांगी आणि एक कप मांडला होता. मुलं काढत होती. मी मागच्या बाकावर बसले आणि उरलेल्या कागदाच्या एका तुकड्यावर तेच काढायला घेतलं. निव्वळ मुलांना दाखवायचं म्हणून. उजेड कुठे सोडायचा, वांग्याची सावली किती गडद, एवढंच त्यांना कळावं. पंचवीस मिनिटांत झालं. मुलं गेल्यावर तो तुकडा उचलून खिडकीशी नेला आणि बघतच राहिले. तांब्याच्या कडेला सोडलेला पांढरा कागद खरंच चमकत होता. सात वर्षांत इतकं मोकळं काही झालं नव्हतं.

त्या रात्री बराच वेळ याचाच विचार करत होते. घाटावरचं का फसलं आणि बाकावरचं का जमलं? बाकावरच्या कागदाकडून मला काहीच नको होतं. तो बिघडला असता तर मुलांना "हे असं करू नका" म्हणून दाखवला असता. तिथून माझी सवय सुरू झाली आणि आजही त्याच तत्त्वावर चालू आहे. एक बैठक इतकी स्वस्त करायची की ती वाया गेली तरी चालेल. वेळेने स्वस्त, सामानाने स्वस्त आणि अपेक्षेनेही स्वस्त.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगते. यातलं सामानाचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावर जास्त बोलणार आहे.

पूर्ण इम्पिरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे चार बाय चार असे सोळा तुकडे करा. प्रत्येक तुकडा साडेपाच बाय साडेसात इंचांचा होतो, म्हणजे वहीच्या पानापेक्षा थोडा लहान. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद असेल तर इतक्या लहान तुकड्याला ताणायची गरज पडत नाही. चारी बाजूंनी टेप लावली की पुरे. एका कागदात तुमचा महिना निघतो. सगळे तुकडे एकाच दिवशी कापून ठेवा, आणि पाच-सहा तुकड्यांना टेप लावूनच पुठ्ठ्यावर तयार ठेवा. बैठकीच्या वेळी कागद कापायला लागलात तर समजा बैठक गेली.

ट्यूबमधले रंग पॅलेटच्या खणांत पिळून वाळवून ठेवा. पाण्याचे दोन थेंब टाकले की ते उठतात. ट्यूब उघडणं, पिळणं, टोपण हरवणं, हा सगळा खटाटोप त्याने वाचतो. ब्रश दोनच ठेवा, बारा नंबरचा राउंड आणि एक इंचाचा फ्लॅट. पाण्याला रुंद तोंडाची बरणी, पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा.

आणि जागा. ही कायमची हवी, मग ती हातभर का असेना. माझी जागा म्हणजे खिडकीजवळच्या शिलाई मशीनचं टेबल होतं. सुरुवातीला मी चित्र कुठेही वाळत ठेवायचे. एकदा कॉटवर ठेवलेल्या ओल्या चित्रावर सासूबाईंनी घड्या केलेले कपडे ठेवले. त्यांची चूक नव्हती, कॉट हा कपडे ठेवायचाच होता. त्या दिवशी मी मशीनची जागा मागून घेतली. मशीन आत दुमडून गेलं की वर बोर्ड, बरणी आणि पॅलेट एवढं मावायचं. कुणाला ब्लाउज शिवायचा असला की सगळं एका ट्रेमध्ये उचलून बाजूला ठेवायचं. उठल्यापासून ब्रश ओला होईपर्यंत तीन मिनिटं लागायची. आधी याला पाऊण तास जायचा.

तुमच्या फ्लॅटमध्ये ही जागा बाल्कनीच्या कट्ट्यावर असेल किंवा फ्रिजशेजारच्या फोल्डिंग टेबलावर. ती कुठे आहे यापेक्षा, तिथून रोज सगळं उचलून कपाटात ठेवावं लागत नाही हे बघा.

आता रंग. इथे तुमची नोकरी आडवी येते, म्हणून थोडं थांबते. दिवसभर तुम्ही दुसऱ्यांसाठी रंग निवडता, फॉन्ट ठरवता, "अजून तीन ऑप्शन द्या" ऐकता. संध्याकाळी घरी येईपर्यंत तुमची ठरवायची ताकद संपलेली असते. अशा डोक्याला चोवीस खणांचं पॅलेट दाखवलं तर ते दमतं. म्हणून पहिला महिना दोनच रंगांत काम करा: अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. अट एवढीच. निळा जास्त पडला की पावसाळी आभाळाचा करडा मिळतो, सिएना जास्त पडला की गंजलेल्या पत्र्याचा. दोन्ही दाट घेतले की काळ्याची गरज राहत नाही. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि सावलीला आपोआप पोत येतो. एक निळा आणि एक विटकरी एवढ्यावर उबदार-थंड आणि गडद-फिकट असं सगळं निभतं, आणि आज कुठले रंग घ्यायचे हा प्रश्नच उरत नाही.

विषयही ठरवून टाका. महिनाभर एकच. मी पहिल्या महिन्यात स्टाफरूममधले स्टीलचे डबे काढले. माझा ऑफ तास आणि जेवणाची सुट्टी लागून होती, तेव्हा बाकीच्या शिक्षिकांचे डबे टेबलावर असायचेच. स्टीलला स्वतःचा रंग नसतो. खिडकी, बाजूची पर्स, कुणाच्या तरी साडीचा काठ, एवढंच त्यात दिसतं. पहिले पाच-सहा डबे मी भरपूर करडा वापरून रंगवले आणि ते मातीच्या मडक्यासारखे दिसले. सातव्या-आठव्या दिवशी लक्षात आलं की स्टीलमध्ये अगदी गडद आणि कोरा पांढरा हे एकमेकांना खेटून येतात, मध्ये सौम्य उतार फार कमी असतो. त्या दिवसापासून डबा धातूचा दिसायला लागला. हे कुठल्या पुस्तकातूनही कळलं असतं, पण हातात उतरलं नसतं. आणि महिन्यात दोनच डबे काढले असते, तर सातव्या डब्यापर्यंत पोचायला मला साडेतीन महिने लागले असते. रोज थोडं करण्याचा खरा फायदा हाच. कालची चूक हाताला आठवत असतानाच आजचा कागद समोर येतो.

कुठल्या वेळी बसायचं? हे परिस्थितीवर आहे, आणि इथे कुणी तुम्हाला ठाम उत्तर दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. मला पहाट जमली नाही. मी शेजारून उठले की धाकटी हमखास जागी व्हायची. मला शाळेतला ऑफ तास जमला, आणि मुली मोठ्या झाल्यावर संध्याकाळी दिवेलागणीआधीचा अर्धा तास. तुमच्या बाबतीत स्क्रीनवर दिवसभर घालवलेले डोळे बघता सकाळ बरी, असं मला वाटतं. पण मुलगा सकाळी लवकर उठत असेल तर तो हट्ट सोडा. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं मिळत असतील तर तीही चालतील, फक्त तिथे जलरंगाऐवजी पेनाने रेषा काढा. बसमध्ये किंवा मेट्रोत बसायला मिळत असेल तर समोरच्या माणसांचे हात काढा. माध्यम वेळेच्या मापाने निवडावं.

आमच्या राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलादालन आहे. जुन्या मराठी चित्रपटांचे हे नायक, पण चित्रंही काढत राहिले, आणि त्यांची पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं तिथे बघायला मिळतात. कधी कोल्हापूरला आलात तर जरूर जा. मी मुलांना दरवर्षी न्यायचे. त्या माध्यमाकडे बघताना मला नेहमी वाटतं, हे कोरडं काम आहे. पाणी नाही, वॉश सुकायची वाट बघणं नाही. मध्येच कुणी हाक मारली तर ठेवून उठता येतं. जलरंगाचा मोठा वॉश तसा मध्येच सोडता येत नाही. म्हणून रोजच्या तुटक वेळेसाठी एक कोरडं माध्यम जवळ असू द्या, पेन्सिल, चारकोल, काहीही.

नोकरी करून काम करणाऱ्यांबद्दल तुम्ही उदाहरण मागितलं होतं. चित्रकार प्रभाकर बरवे यांचं घ्या. आधी बनारसला आणि मग मुंबईत, अशी वीसेक वर्षं ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. तुमच्यासारखंच डिझाइनचं काम. शिवाय त्यांनी वर्षानुवर्षं डायऱ्या ठेवल्या, त्यांत टिपणं आहेत, लहान रेखाटनं आहेत. एखादा आकार वहीत पुन्हा पुन्हा येतो, बदलतो आणि कधीतरी कॅनव्हासवर जातो. कवी अरुण कोलटकर जाहिरातीच्या जगात नाव कमावलेले ग्राफिक डिझायनर होते, आणि मुंबईत काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या हॉटेलात बसण्याचा त्यांचा नेम होता. दोघांनीही नोकरी आणि स्वतःचं काम यांच्यामध्ये एक लहान, ठरलेली जागा राखली होती. एकाने वहीत, दुसऱ्याने हॉटेलच्या टेबलाशी.

उलट बाजूही सांगायला हवी. वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करत. बाकीचा काळ बघण्यात आणि विचारात जायचा. म्हणजे रोज ब्रश हातात धरला नाही तर माणूस चित्रकारच नाही, असं मुळीच नाही. पण ते न रंगवण्याच्या दिवसांतही चित्राजवळच असायचे. तुम्ही-मी न रंगवण्याच्या दिवसांत मुलाचा युनिफॉर्म शोधत असतो. आपल्याला चित्राजवळ राहायला एखादा लहान कागद लागतो.

आता मोजदाद. फोनवरची अॅप्स रोजची साखळी मोजतात, शंभर दिवस अखंड वगैरे. मी ती पद्धत बायकांना तरी कधी सुचवत नाही. मुलाला ताप येतो, गौरी-गणपती येतात, नणंद माहेरी येते. साखळी तुटते, आणि तुटली की "आता पुन्हा एकपासून" या विचारानेच माणूस सोडून देतो. मी महिना मोजते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, बसले त्या दिवशी एक लहान टिंब. महिन्याला पंधरा टिंबं झाली की महिना भरला. बाकीचे पंधरा-सोळा दिवस संसाराचे, त्याबद्दल मनाला टोचणी नाही. गणपतीच्या महिन्यात मी आधीच दहा ठरवते. बैठकही तीस मिनिटांचीच हवी असं नाही. दमलेल्या दिवशी पाच मिनिटांत नुसती एक सावली काढली तरी टिंब द्यायचं.

बैठक संपवण्याची एक सवय मला फार उपयोगी पडली. उठण्याआधी चित्राच्या मागे पेन्सिलीने एक ओळ लिहायची, उद्या काय करायचं ते. "डाव्या डब्याची सावली आणखी गडद, कडा कोरडी." बस, एवढीच. दुसऱ्या दिवशी आल्यावर विचार करत बसावं लागत नाही, हात थेट त्या सावलीवर जातो. शक्य असेल तेव्हा मी एखादं चित्र मुद्दाम अर्धं सोडून उठते. कोऱ्या कागदासमोर बसणं अवघड, अर्ध्यासमोर सोपं.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, कागदाचे सोळा तुकडे, हातभर कायमची जागा, महिनाभर दोन रंग आणि एक विषय, महिन्याला पंधरा टिंबं, आणि उठताना मागे एक ओळ. पहिले दोन महिने एवढंच करा. या काळात केलेलं सोशल मीडियावर टाकू नका, कुणाला दाखवूही नका. लाइक्स मिळाले की लगेच तो तुकडा "चित्र" होतो आणि त्याची किंमत वाढते.

तुम्ही मनात म्हणत असाल, या चिटोऱ्यांतून माझी लॅण्डस्केप्स कधी होणार? होतील, आणि रविवारच त्यांना उपयोगी पडेल. फक्त रविवारचं काम आठवड्यात वाटून टाका. माझी पद्धत अशी. तीसेक तुकडे जमले की ते जमिनीवर मांडायचे आणि त्यांतले दोन निवडायचे. सोमवारी त्यातल्या एकाचं नुसतं काळं-पांढरं, गडद-फिकटाचं गणित, काडेपेटीएवढ्या आकारात तीन प्रकारे. मंगळवारी मांडणी मोठ्या कागदाच्या मापात, पेन्सिलीने रद्दीवर. बुधवारी लागणारे रंग वेगळ्या तुकड्यावर मिसळून बघणं, विशेषतः आभाळ आणि जमीन जिथे भेटतात तो रंग. गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी खऱ्या कागदावर हलकं रेखांकन. शनिवारी रात्री कागद ताणून ठेवायचा. रविवारी उरतो फक्त वॉश, आणि त्याला सलग दीड-दोन तास पुरतात. त्या दिवशी तुम्ही नव्याने काहीच ठरवत नसता. गेले दोन महिने जे हाताने केलं, तेच जरा मोठ्या कागदावर करत असता. चित्र तरीही बिघडू शकतं, जलरंगच आहे तो. पण सोमवारी सकाळी तुमचा तुकडा तुमची वाट बघत असतो, त्यामुळे महिनाभर सुतक राहत नाही.

घरच्यांबद्दल. "मला माझा वेळ हवा" असं सांगितलं की घरात त्यावर चर्चा होते. "सहा ते साडेसहा मी मशीनजवळ असते, तेवढ्यात दूधवाला आला तर तुम्ही घ्या," असं सांगितलं की ते काम होऊन जातं. आमच्या घरी हे रुळायला दोन महिने लागले. सासूबाई आधी गप्प होत्या, पुढे त्याच पाहुण्यांना सांगायच्या, "थांबा, ती बसलीय, येईल साडेसहाला." त्यांच्या तोंडून "बसलीय" हा शब्द ऐकला तेव्हा मला जे वाटलं, ते कुठल्या प्रदर्शनातल्या बक्षिसानेही वाटलं नाही. तुमच्या सासूबाईंनाही एकदा जवळ बसवून बघा. त्यांचे हात काढा, बायकांना आपले हात कुणी नीट बघितलेले आवडतात.

मुलगा चार वर्षांचा म्हणजे त्याला लांब ठेवणं अवघडच. त्याला शेजारी बसवा, जाड ब्रश, मोठा रद्दी कागद आणि एकच रंग द्या. बारा-पंधरा मिनिटं नक्की मिळतील. तुमच्या पॅलेटला हात लावला तर रागावू नका, पण तुमचे दोन ब्रश मात्र त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. माझ्या धाकटीने एक चांगला सेबलचा ब्रश फरशी घासायला वापरला होता.

एक वेगळी शक्यताही बोलून ठेवते. हे सगळं करूनही महिनोन्महिने ना चित्रात मन लागतं ना दुसऱ्या कशात, झोप नाही, सतत थकवा, असं असेल तर तो सवयीचा प्रश्न नाही. तेव्हा डॉक्टरांना भेटा. मी ते दुखणं आळस समजून दोन वर्षं अंगावर काढलं, शेवटी थायरॉइड निघाला.

सुरुवात तुम्ही पावसाळ्यात करणार असाल तर आणखी थोडं. दमट हवेत पहिला वॉश अर्धा-अर्धा तास ओला राहतो आणि तुमची सगळी बैठक वाट बघण्यात जाते. म्हणून एका वेळी दोन तुकडे समोर ठेवा. एक सुकेल तोवर दुसरा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, कपाटात वरच्या खणात ठेवा. ओल लागली की कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, जातं आणि मग रंग टिपकागदावर पडल्यासारखा शोषला जातो, जागोजागी ठिपके दिसतात. अशा वेळी दोष आपल्या हाताचा वाटतो, असतो कागदाचा. पॅलेट मात्र काम झाल्यावर लगेच झाकू नका, रंग पूर्ण वाळू द्या, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं, ब्रश पुढे जातो तोवर मागचं वाळतं. तेव्हा कागद आधी स्वच्छ पाण्याने भिजवून घ्या आणि सकाळी नऊच्या आत उरका.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की कॉलेजातला हात परत यायला किती दिवस लागतील. प्रत्येकाचं वेगळं असतं. माझ्या बाबतीत तिसऱ्या महिन्याच्या आसपास एका संध्याकाळी मी ब्रश उचलला आणि पाणी किती घ्यायचं याचा विचारच केला नाही, ते हाताने घेतलं. ते लक्षात आलं ते चित्र संपल्यावर. आणि जो हात परत आला तो कॉलेजातला नव्हता. तो आणखी सावकाश होता आणि कमी रंगांत भागवणारा होता.

या शनिवारी कागद कापून घ्या. आणि घरात सकाळचा उजेड कुठल्या खिडकीतून येतो, ती खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि तिच्याजवळ किती जागा निघते, तेवढं मला कळवा. उत्तरेची खिडकी असेल तर फारच छान. पूर्वेची असेल तर पडद्याचं काय करायचं ते मी सांगते.